कॅसँड्रात सदतिसाव्या पानावर थेट उडी का मारता येत नाही, आणि मग करायचं काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑर्डर्सचं टेबल कॅसँड्रावर (डेटा अनेक मशीनवर वाटून ठेवणारा डेटाबेस), सहा नोड म्हणजे सहा मशीन, रेप्लिकेशन फॅक्टर ३ म्हणजे प्रत्येक ओळीच्या तीन प्रती, १२० दुकानांचा तीन वर्षांचा डेटा मिळून साधारण चार कोटी ओळी. डॅशबोर्डवर दर पानाला ५० ऑर्डरी दाखवायच्यात, खाली १, २, ३ असे आकडे हवेत आणि मॅनेजरला कुठल्याही आकड्यावर क्लिक करून थेट तिथे पोचायचंय. शिवाय रात्री ह्याच टेबलचा एक्स्पोर्ट जॉब चालतो. ऑफसेट (इतक्या ओळी सोडून पुढच्या दे) लिहिला तर सिंटॅक्स एरर येतो. मग पहिल्यापासून ओळी आणून नको त्या फेकून द्यायचा प्रकार केला, तो रडतखडत चालतो. मग प्रत्येक पानाचं पेजिंग स्टेट (पान कुठे संपलं ते सांगणारी डेटाबेसची खूण) रेडिसमध्ये, म्हणजे मेमरीतल्या झटपट साठवणीत, ठेवून बघितलं तर फिल्टर बदलला की भलतंच काहीतरी येतं. आणि कधीकधी "पुढे" दाबल्यावर पान रिकामं येतं.

ह्या चारही तक्रारी एकाच ठिकाणाहून आल्यात. डिस्ट्रिब्युटेड डेटाबेसला "कितवी ओळ" असं विचारायचंच नसतं, "मी कुठे थांबलो होतो" हे सांगायचं असतं. आमच्याकडे आजी पोथी वाचायची तेव्हा उठताना सहावा अध्याय चाळिसावी ओवी अशी खूण लक्षात ठेवायची, दोन हजार एकशे बारावी ओवी असं कुणी ठेवत नाही, कारण तसं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी पहिल्या ओवीपासून मोजत बसावं लागेल. ऑफसेट म्हणजे ते मोजत बसणं.

आणि हे फक्त कॅसँड्राचं नाही बरं का, पोस्टग्रेसमध्ये ऑफसेट १८०० लिहिलं तरी तो आधीच्या १८०० ओळी वाचतोच आणि टाकून देतो, फक्त एकाच मशीनवर सगळं असल्यामुळे आणि डेटा मेमरीत असल्यामुळे आपल्याला कळत नाही इतकंच. अनेक मशीन आल्या की तोच खर्च गुणाकाराने वाढतो. इलॅस्टिकसर्च ह्या सर्च इंजिनमध्ये हे फार स्वच्छ दिसतं म्हणून ते उदाहरण देतो: इंडेक्सचे पाच शार्ड म्हणजे पाच तुकडे आहेत, दर पानाला १० निकाल आणि तुम्हाला हजारावं पान हवंय. आता ते दहा निकाल कुठल्या शार्डवर आहेत हे आधी कुणालाच माहीत नाही, ते दहाही एकाच शार्डवर असू शकतात, म्हणून प्रत्येक शार्डला आपले पहिले १०,००० निकाल कोऑर्डिनेटरला (मागणी घेऊन सगळ्यांची उत्तरं गोळा करणाऱ्या नोडला) द्यावे लागतात, तो ५०,००० नोंदी एकत्र लावतो, त्यातल्या ४९,९९० फेकतो आणि तुम्हाला दहा देतो. म्हणून तर त्यांनी डीफॉल्ट मर्यादाच १०,००० ठेवलीय, त्यापुढे गेलात की सरळ एरर, आणि खोल जायचं असेल तर सर्च आफ्टर वापरा म्हणतात, जे म्हणजे पुन्हा तेच, शेवटच्या निकालाची सॉर्ट व्हॅल्यू द्या, तिथून पुढे देतो.

कॅसँड्रात तर त्याहून एक पायरी पुढे अडचण आहे. पार्टिशन कीचं (ओळ कुठल्या नोडवर जाणार हे ठरवणारे कॉलम) मर्मर३ पद्धतीने हॅश होऊन टोकन म्हणजे एक आकडा बनतो, उणे दोनचा ६३वा घात ते अधिक दोनचा ६३वा घात वजा एक एवढ्या आकड्यांच्या रिंगवर तो कुठेतरी पडतो, आणि पूर्ण टेबल वाचलंत तर ओळी त्या टोकनच्या क्रमाने येतात, म्हणजे तुमच्या दृष्टीने कुठल्याच क्रमाने नाही. शिवाय एखाद्या रेंजमध्ये जिवंत ओळी किती आहेत हे नोडला वाचल्याशिवाय सांगताच येत नाही, कारण एकाच ओळीचे तुकडे चार एसएस टेबलमध्ये (डिस्कवरच्या फाइली) आणि मेमटेबलमध्ये (मेमरीतला ताजा डेटा) पसरलेले असतात, काही डिलीट झालेले असतात, ते सगळं एकत्र केल्यावरच ती ओळ आहे की नाही हे ठरतं. कुठे मोजून ठेवलेलं नाही. त्यामुळे "१८०१वी ओळ दे" ह्याला तो "वाचून सांगतो" एवढंच म्हणू शकतो. ऑफसेट नाही म्हणून लोक शिव्या देतात, मला विचाराल तर न देऊन त्यांनी आपल्यावर उपकारच केलेत.

आता ड्रायव्हर (ॲपमधून डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) जे पेजिंग आपोआप करतो ते नेमकं काय ते बघू, कारण रेडिसचा घोळ तिथलाच आहे. २०१३ साली २.० व्हर्जनमध्ये हे आलं, त्याआधी सगळं हाताने करावं लागायचं. ड्रायव्हर क्वेरीबरोबर फेच साइज, म्हणजे एका खेपेला किती ओळी, पाठवतो. कोऑर्डिनेटर रिंगवर पुढे पुढे जात रेप्लिकांना (प्रती ठेवणाऱ्या नोडना) विचारतो, तेवढ्या ओळी जमल्या की थांबतो, आणि उत्तराबरोबर बाइट्सचा एक छोटा गठ्ठा देतो: शेवटची ओळ कुठल्या पार्टिशनची, त्या पार्टिशनमध्ये कुठे, आणि लिमिट दिलं असेल तर त्यातलं किती उरलंय. बस, हेच पेजिंग स्टेट. सर्व्हरवर काहीही उघडं राहत नाही, कर्सर नाही, सेशन नाही. पुढचं पान मागताना ड्रायव्हर तोच गठ्ठा परत देतो आणि ती मागणी दुसऱ्याच नोडकडे गेली तरी चालते, मधल्या वेळात पहिला नोड बसला तरी चालतं. मोंगो डीबीत कर्सर सर्व्हरवर राहतो, दहा मिनिटं कुणी विचारलं नाही तर डीफॉल्टने तो मरतो, इथे तो प्रश्नच नाही.

पण कुणी काही धरून ठेवलेलं नाही ह्याचा दुसरा अर्थ असा की तुम्हाला एका क्षणाचा फोटो मिळत नाही, प्रत्येक पान म्हणजे नवीन रीड. तुम्ही तिसऱ्या पानावर असताना पहिल्या पानाच्या जागी नवीन ऑर्डर आली तर ती तुम्हाला दिसणार नाही, पुढच्या भागात आली तर दिसेल. बहुतेक डॅशबोर्डना एवढं चालतं. चालत नाही ते असं: क्लस्टरिंग कीमध्ये (पार्टिशनच्या आत ओळींचा क्रम ठरवणारे कॉलम) "शेवटचा बदल" सारखी हलणारी व्हॅल्यू ठेवलेली असते, म्हणजे अपडेट करणं म्हणजे जुनी ओळ डिलीट करून नवीन टाकणं, आणि मग वाचणाऱ्याच्या पायाखालून ओळी सरकतात, एक ऑर्डर दोनदा दिसते, दुसरी दिसतच नाही. ज्या कॉलमवर पानं करायचीत तो एकदा लिहिल्यावर न बदलणारा असू दे. ऑर्डर केल्याची वेळ चांगली, स्टेटस बदलल्याची वेळ वाईट. कन्सिस्टन्सी वन वर (एकाच रेप्लिकाचं उत्तर पुरे) ठेवून पानं उलटत असाल तर एका पानाला एक रेप्लिका उत्तर देईल आणि दुसऱ्याला दुसरी, रिफ्रेश केल्यावर ऑर्डर गायब झाली म्हणून फोन येतील, लोकल क्वोरम (आपल्या डेटा सेंटरमधल्या निम्म्याहून जास्त रेप्लिकांचं उत्तर) वापरा.

रेडिसचं आता. पेजिंग स्टेट हे त्याच क्वेरीला आणि त्याच पॅरामीटरना बांधलेलं असतं. तुम्ही "सर्व" वर असताना सातव्या पानाचं स्टेट ठेवलंत आणि मग दुकान बदलून तेच दिलंत तर दुसऱ्याच्या घराची किल्ली लावल्यासारखं आहे, नशीब चांगलं असेल तर एरर येईल, नसेल तर कुठल्यातरी भलत्या जागेपासून ओळी यायला लागतील. जावा ड्रायव्हरमध्ये क्वेरीचा हॅश बरोबर ठेवून तपासणारा सुरक्षित प्रकार आहे, पण बहुतेक लोक कच्चे बाइट्स बेस६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत लिहून, ठेवतात, तिथे तपासणी होत नाही, तुम्ही तेच केलं असावं. दुसरं म्हणजे त्या बाइट्सचा फॉरमॅट हा त्यांचा अंतर्गत मामला आहे, प्रोटोकॉलचं (ड्रायव्हर आणि सर्व्हर बोलतात ती भाषा) व्हर्जन बदललं की बदलू शकतो, तिसऱ्या व्हर्जनचा आणि चौथ्याचा वेगळाच आहे, म्हणजे आज रेडिसमध्ये किंवा ईमेलच्या लिंकमध्ये ठेवलेलं स्टेट अपग्रेडनंतर चालेलच असं नाही. पाच मिनिटं पुरतं ठेवायला ठीक आहे, टिकाऊ लिंक म्हणून नाही.

आणि तिसरं, जे कोड रिव्ह्यूत कुणीच विचारत नाही: तो गठ्ठा उघडा आहे. त्यात तुमच्या पार्टिशन कीची व्हॅल्यू जशीच्या तशी बसलेली असते, बेस६४ म्हणजे काही कुलूप नव्हे. यूआरएलमध्ये टाकलंत तर कुणीही उघडून बघू शकतो, आणि बदलूनही पाठवू शकतो. एकाच टेबलात अनेक ग्राहकांचा डेटा असेल आणि क्वेरी पूर्ण टेबलवर फिरत असेल तर हा सरळसरळ गळतीचा रस्ता आहे. बाहेर पाठवायचंच असेल तर एचमॅकने, म्हणजे गुप्त किल्ली वापरून, सही करा, नाहीतर बाहेर पाठवूच नका.

मी स्वतः वेब पानांसाठी पेजिंग स्टेट वापरणं जवळजवळ सोडलंय, बॅचसाठी ठेवलंय. वेबसाठी आपली खूण आपण बनवायची. तुमच्या बाबतीत टेबल असं करा: पार्टिशन की म्हणजे (दुकान_आयडी, महिना), क्लस्टरिंग की म्हणजे ऑर्डर_वेळ आणि ऑर्डर_आयडी, दोन्ही उतरत्या क्रमाने. चार कोटी भागिले १२० दुकानं भागिले ३६ महिने म्हणजे एका पार्टिशनमध्ये सरासरी सव्वानऊ हजार ओळी, हा अगदी सुखाचा आकडा आहे. क्वेरी अशी (कीवर्ड देवनागरीत टाईप करतोय, सांभाळून घ्या):

सिलेक्ट * फ्रॉम ऑर्डर्स_दुकानानुसार
व्हेअर दुकान_आयडी = ? अँड महिना = ?
अँड (ऑर्डर_वेळ, ऑर्डर_आयडी) < (?, ?)
लिमिट ५१

पहिल्या पानाला ती तिसरी ओळ नाही, पुढच्या प्रत्येक पानाला आधीच्या पानावरच्या शेवटच्या ऑर्डरची वेळ आणि आयडी तिथे भरायची. पन्नासच्या जागी एक्कावन्न का, तर एक्कावन्नावी आली म्हणजे पुढचं पान आहे, ती दाखवायची नाही, फक्त "पुढे" बटण चालू ठेवायचं. रिकाम्या पानाची तुमची तक्रार बहुधा इथेच संपेल. कारण एकूण ओळी नेमक्या ५० च्या पटीत असल्या की शेवटचं पान बरोबर भरतं, कोऑर्डिनेटरला पुढे काही आहे का हे बघायची वेळच आलेली नसते, तो "अजून आहे" म्हणून मोकळा होतो, आणि तुम्ही पुढे गेलात की शून्य ओळी. तो बग नाही. प्रोटोकॉलच्या स्पेसमध्ये लिहूनच ठेवलंय की पान किती भरलं त्यावरून पुढे आहे की नाही हे ठरवू नका, उत्तराबरोबर येणारा "अजून आहे" हा झेंडा बघा, आणि पानात मागितल्यापेक्षा थोड्या कमीजास्त ओळी पाठवायचा हक्क आम्ही राखून ठेवतो.

त्या क्वेरीत नुसती वेळ पुरत नाही, आयडी लागतोच. सेल रात्री बरोबर बाराला सुरू होतो, एकाच मिलिसेकंदाला सात ऑर्डरी पडतात, तुमचं पान त्यातल्या चौथ्यावर संपतं. नुसतं "वेळ < अमुक" लिहिलंत तर उरलेल्या तीन कायमच्या गळाल्या, "<=" लिहिलंत तर चार पुन्हा दिसल्या. टेस्टिंगमध्ये हे कधीच सापडत नाही कारण टेस्ट डेटात वेळा छान सुट्यासुट्या असतात. टाइम यूयूआयडी (आत वेळ असलेला एकमेव आयडी) वापरत असाल तर दोन्ही कामं एकाच कॉलममध्ये होतात.

"मागे" बटणाचं दोन प्रकारे करता येतं. सोपा प्रकार म्हणजे आलेल्या पानांच्या खुणा ब्राउझरमध्येच एकावर एक रचत जायच्या, मागे दाबलं की वरची काढायची. थेट लिंक उघडूनही मागे जाता यायला हवं असेल तर "<" चं ">" करायचं, ऑर्डर बाय चढत्या क्रमाने, आणि आलेल्या ओळी उलट्या करून दाखवायच्या. टेबलच्या नैसर्गिक क्रमाच्या उलट वाचणं कॅसँड्राला थोडं महाग पडतं, पण पन्नास ओळींना काही नाही.

महिन्याची सीमा ओलांडताना मात्र तुम्हालाच कोड लिहावा लागेल. जुलैमधून २३ ओळी मिळाल्या तर उरलेल्या जूनमधून आणायच्या, जून रिकामा असेल तर मे. इथे एक खड्डा आहे, नवीन उघडलेलं किंवा बंद पडलेलं दुकान असेल तर तुम्ही रिकाम्या महिन्यांवरून चालतच राहता. डिस्कॉर्ड ह्या चॅट ॲपने २०१७ मध्ये त्यांच्या मेसेज साठवण्याबद्दल सविस्तर लिहिलं होतं, ते ह्याच साच्याचं आहे: चॅनेल आणि दहा दिवसांची बादली मिळून पार्टिशन, आत मेसेज आयडी. त्यांच्याकडे एका चॅनेलमध्ये कुणीतरी एपीआयने लाखो मेसेज डिलीट केले आणि एकच उरला, आता तो एक मेसेज दाखवायला कॅसँड्रा लाखो टूमस्टोनवरून (डिलीट केलेल्या ओळीच्या जागी राहणारं चिन्ह) चालत जायचा आणि जावाचं गार्बेज कलेक्शन (मेमरीची साफसफाई) दहा दहा सेकंद सगळं थांबवायचं. त्यांनी टूमस्टोनचं आयुष्य दहा दिवसांवरून दोन दिवसांवर आणलं आणि कुठल्या बादल्या रिकाम्या आहेत ते लक्षात ठेवायला लागले. तुम्ही एक छोटं टेबल ठेवा, दुकान_आयडी आणि त्या दुकानाचे डेटा असलेले महिने, ऑर्डर टाकताना त्यात पण टाका, तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहिली तरी बिघडत नाही. तिथून महिन्यांची यादी मिळाली की रिकाम्यात जायची गरजच नाही.

टूमस्टोनचं आलंच आहे तर एवढं सांगतो, कारण पेजिंग हळू होण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे आणि लोक नेटवर्कला दोष देत बसतात. डिलीट केलेली ओळ लगेच जात नाही, तिच्या जागी टूमस्टोन बसतो आणि डीफॉल्टने ८,६४,००० सेकंद म्हणजे दहा दिवस तो ठेवावाच लागतो. तुम्हाला ५० जिवंत ओळी हव्यात पण मधे ४०,००० मेलेल्या आहेत तर त्या सगळ्या वाचूनच ५० मिळणार. डीफॉल्टने एका रीडमध्ये १००० टूमस्टोन ओलांडले की लॉगमध्ये वॉर्निंग येते, १,००,००० ओलांडले की रीड सरळ मारली जाते. लॉगमध्ये ती वॉर्निंग शोधा आधी. टेबलचा रांगेसारखा वापर होत असेल, म्हणजे पुढून वाचायचं आणि वाचलं की डिलीट, तर प्रत्येक वेळी "सुरुवातीपासून ५० दे" म्हणणं म्हणजे रोज त्याच स्मशानातून चालत जाणं. तिथेही खूणच कामी येते, शेवटी कुठपर्यंत आलो ते ठेवायचं आणि त्याच्या पुढून वाचायचं, मागचे टूमस्टोन मग वाटेत येतच नाहीत.

"सगळी दुकानं" हा फिल्टर हवाच असणार मॅनेजरला. त्याला बहुतेक जण आधी क्वेरीतल्या इन (ह्यांपैकी कुठलाही) मध्ये १२० आयडी टाकतात आणि ऑर्डर बाय लावतात, मग एरर येतो की पार्टिशन कीवर इन आणि ऑर्डर बाय दोन्ही असेल तर पेजिंग करता येणार नाही. बरोबरच आहे त्याचं, १२० पार्टिशन एकत्र लावून मग पान कापायचं म्हणजे सगळं मेमरीत घ्यावं लागेल. पेजिंग बंद केलं तर एरर जातो पण मग कोऑर्डिनेटर झोपतो. त्यापेक्षा १२० छोट्या क्वेरी समांतर पाठवा, प्रत्येकीला लिमिट ५१, आणि ॲपमध्ये वेळेनुसार विलीन करून वरच्या ५० घ्या. ६,१२० ओळी आणून ५० दाखवताय, कबूल आहे, पण हा आकडा दुसऱ्या पानालाही ६,१२० च राहतो आणि दोनशेव्या पानालाही. आणि इथे आपली खूण किती कामाची आहे बघा, पेजिंग स्टेट वापरलं असतं तर १२० स्टेट सांभाळावी लागली असती, इथे एकच (वेळ, आयडी) जोडी सगळ्या १२० क्वेरींना चालते, कारण ती जागा टेबलमधली नाही तर क्रमातली आहे. हेच पान दिवसाला हजारो वेळा उघडत असतील तर मात्र दिवसानुसार पार्टिशन असलेलं दुसरं टेबल करा आणि दोन्हीत लिहा, कॅसँड्रात डिस्क स्वस्त आणि क्वेरी महाग असं धरून चालायचं.

राहिले ते खालचे आकडे. एकूण पानं दाखवायला एकूण ओळी लागतात, आणि काउंट स्टार (ओळी मोजणारी क्वेरी) म्हणजे पुन्हा सगळं वाचणं, चार कोटींवर तो दहा सेकंदांच्या रेंज टाइमआउटमध्ये बसणं कठीण. दुकान आणि महिन्यानुसार काउंटर टेबल ठेवता येईल, पण काउंटर रीट्राय केला की दोनदा वाढू शकतो, त्यामुळे तिथे "सुमारे ९,२००" लिहा, छातीठोक आकडा नको. मॅनेजरला खरंच सदतिसावं पान हवं असतं का हे त्यांच्या शेजारी बसून बघा. मी जेव्हा जेव्हा बघितलंय तेव्हा माणूस "मार्चच्या मध्यावरची ती ऑर्डर" शोधत असतो आणि पानांचे आकडे दाबत अंदाजाने तिकडे सरकत असतो. त्याला तारीख निवडायचा डबा द्या. तारीख ही क्लस्टरिंग कीच आहे, म्हणजे १५ मार्चवर उडी मारणं ही पहिल्या पानाएवढीच स्वस्त क्वेरी आहे. तरी आकडे हवेतच असा हट्ट असेल तर ज्या पानांवर माणूस जाऊन आलाय त्यांचेच आकडे दाखवा, त्यांच्या खुणा तुमच्याकडे आहेत. जावा ड्रायव्हरच्या चौथ्या पिढीत ऑफसेट पेजर नावाची एक सोय आहे, तिच्याकडे बघून हुरळून जाऊ नका, ती तुमच्यासारखंच पहिल्यापासून वाचून फेकते, फक्त तुमच्या जागी ती फेकते.

फेच साइज बघितलाय का? डीफॉल्ट ५००० असतो. पन्नास ओळींच्या पानाला लिमिट न लावता क्वेरी मारत असाल तर पहिल्याच खेपेला ५००० येतात. लिमिट म्हणजे एकूण किती, फेच साइज म्हणजे एका खेपेला किती, ही गल्लत सर्रास होते. आणि ओळ जाड असेल, समजा २० केबीची, तर ५००० म्हणजे एका पानाला १०० एमबी झाले, मग हीप (ॲपची मेमरी) का फुटतो म्हणून विचारत बसतात. मी ओळींवर न जाता साधारण एक एमबीचं पान होईल असा आकडा काढतो. दुसरं, निकालावर लूप फिरवला की ड्रायव्हर गुपचूप पुढची पानं आणत राहतो, आणि त्याची सरळ लिस्ट करून घेतली की तो शेवटपर्यंत सगळं आणतो, पेजिंग चालू आहे असं तुम्हाला वाटत असतं आणि अख्खं टेबल मेमरीत आलेलं असतं. एकच पान हवं असेल तर हातात आलेलंच दे असं सांगणारी वेगळी मेथड असते, ती वापरा.

रात्रीच्या एक्स्पोर्टला ह्यातलं काहीच लागत नाही, तिथे ड्रायव्हरचं पेजिंग उत्तम आहे, फक्त एका लूपमध्ये चार कोटी ओळी ओढू नका. टोकन रेंजचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा वेगळी क्वेरी, समांतर चालवा, आणि कुठले तुकडे संपले ते लिहून ठेवा म्हणजे पहाटे तीनला जॉब पडला तर उरलेलेच चालवता येतात. स्पार्कचा कनेक्टर हेच करतो. जुन्या ब्लॉगवरून उचललेला "टोकन(आयडी) > टोकन(शेवटचा आयडी) लिमिट १०००" हा प्रकार मात्र वापरू नका, लिमिटने एखादं पार्टिशन मधेच कापलं तर पुढची क्वेरी पुढच्या टोकनवर जाते आणि त्या पार्टिशनच्या उरलेल्या ओळी कुणालाच मिळत नाहीत. आधी ते पार्टिशन पुरं करावं लागतं, मग पुढे. ड्रायव्हर नेमकं तेच करतो म्हणून तर त्याच्यावर सोडायचं.

रिकाम्या पानाबद्दल एक माझीच चूक सांगतो, कारण तुमचा जॉब बघितला नाहीये पण त्यात हे असेल असं मला दाट वाटतंय. एका कंपनीत डायनॅमो डीबी ह्या ॲमेझॉनच्या डेटाबेसवर परत आलेल्या ऑर्डरींचा रिपोर्ट होता. डायनॅमो एका क्वेरीत जास्तीत जास्त एक एमबी वाचतो, आणि फिल्टर लावला असेल तर तो वाचून झाल्यावर लागतो, पैसे मात्र वाचलेल्याचे. पुढे जायला तो शेवटची की देतो. माझ्या लूपमध्ये शेवटची अट होती: आयटम शून्य आले तर थांब. दीड वर्ष हे नीट चाललं, कारण प्रत्येक एक एमबीत एखादी तरी परत आलेली ऑर्डर असायचीच. मग दिवाळीत डिजिटल गिफ्ट कार्ड विकायला सुरुवात झाली, ती कुणी परत करत नाही, त्यांचा एक सलग पट्टा एक एमबीपेक्षा मोठा झाला, तिथे एक पान रिकामं आलं, शेवटची की बरोबर दिलेली होती पण आमचा लूप "झालं" म्हणून उठला. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, जॉब हिरवा, उलट नेहमीपेक्षा लवकर संपतोय म्हणून मी खूष. तीन आठवड्यांनी अकाउंट्समधल्या एका बाईंनी विचारलं की परताव्याचे पैसे बँकेतून गेलेत जास्त आणि रिपोर्टमध्ये दिसतायत कमी, असं कसं. एका ओळीचा बदल होता, आयटम मोजू नको, की आली आहे का ते बघ. तीन आठवड्यांचे रिपोर्ट पुन्हा काढायला मात्र दोन रात्री गेल्या.

तर तुमच्या एक्स्पोर्टच्या कोडमध्ये "आकार फेच साइजपेक्षा कमी" किंवा "रिकामं" अशी अट कुठे आहे का ते आज शोधा, टेबलची नवीन रचना पुढच्या स्प्रिंटला केलीत तरी चालेल. आणि रेडिसमधली ती साठवलेली स्टेट कॅसँड्रा अपग्रेड करायच्या आधी उडवून टाका.